कुंपणाच्या दोन्ही बाजू कागदावर

दरवर्षी ५ जूनच्या आसपास शाळाशाळांच्या भिंतींवर पर्यावरणाची चित्रं लागतात. पृथ्वीचा अर्धा गोल हिरवा, अर्धा करडा आणि भेगाळलेला, मधोमध एक सरळ रेघ. रेघेच्या एका अंगाला हरीण आणि फुलपाखरं, दुसऱ्या अंगाला धुराडी. मुलं ती मनापासून काढतात, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण हाताला सफाई आलेले चित्रकारही ‘माणूस आणि निसर्ग’ हा विषय घेतला की तीच रेघ ओढतात, तेव्हा वाईट वाटतं. कारण अशी रेघ कुठेच नसते. जिथे वस्ती संपते आणि रान सुरू होतं असं आपण म्हणतो, तिथे जाऊन उभं राहिलं की एक पट्टा दिसतो. त्याला रुंदी असते, त्यात दोन्हीकडून ये-जा असते आणि त्या ये-जेच्या ठरलेल्या वेळा असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांबद्दल निकाल दिला, तेव्हा कांदळवनाच्या कडेपासून ५० मीटरचा पट्टाही मोकळा राखायला सांगितला. तिथे रेघ ओढून भागत नाही हे न्यायालयालाही दिसलं. चित्रकाराला तर ते आधी दिसायला हवं.

हा लेख अशा पट्ट्यावर बसून चित्र काढू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. रंगपेटी कोणतीही चालेल, शिक्षण झालेलं असो वा नसो. चिकाटी मात्र हवी.

पहिली गोष्ट, जागा एकच निवडा आणि ती घराजवळची असू द्या. काझीरंग्याला जाऊन आठवड्याभरात सीमेचं चित्र होत नाही, कारण सीमा ही परत परत जाऊनच कळते. मुंबई-ठाण्यात राहत असाल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कड आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, आणि त्याला टेकून मुलुंड, बोरिवली, ठाण्याच्या इमारती. नवी मुंबईकरांना खाडी आहे. पुण्यात टेकड्या आहेत. कोकणात घरामागचा गडगा पुरेसा आहे. विदर्भात तर शेताचा बांध हीच शीव. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर ज्या भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवला आहे ती भिंत घ्या. तिच्यावर वर्षभराचं काम निघेल.

निवडलेल्या जागी पहिले काही दिवस चित्र काढू नका, नोंदी करा. कोण ओलांडतं, कुठून, किती वाजता. खाडीकाठी असाल तर घड्याळाऐवजी भरतीचा हिशेब धरावा लागेल. भरती रोज साधारण दोन घटका, म्हणजे पाऊण तासाहून थोडी जास्त, उशिरा येते. अष्टमीच्या सुमारास भांग असते तेव्हा पाणी फारसं चढत नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं आणि तेच पाणी रस्त्यालगतच्या बांधापर्यंत पोचतं. कोळीवाड्यात कोणालाही विचारा, तिथीवरून पाणी सांगतील. याचा चित्राशी थेट संबंध आहे. ज्या जागी तुम्ही सकाळी चिखलावर उड्या मारणारी निवटी रेखाटली, तिथे दुपारी कमरेइतकं पाणी असेल. मग पाण्याची कड नेमकी कुठे काढायची? दोन्ही ठिकाणी काढा. एकाच कागदावर ओहोटीचा काठ एका रंगात, भरतीचा दुसऱ्यात, उधाणाचा तिसऱ्यात. तिवराच्या खोडावर चिखलाने आखलेली पातळी असते, तीच तुमची मोजपट्टी. तिच्याच उंचीला फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही दिसतील. पाण्याने आपल्या हाताने आखलेली ती खूण आहे, आणि ती आखायला साहित्य आपण पुरवलं आहे.

यासाठी कागद लांब घ्या. ट्रेसिंग किंवा बटर पेपरची गुंडाळी मिळते, तिचा हात-दोन हात लांबीचा पट्टा कापा आणि आडवा पसरून त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंतचे प्रहर मांडा. कोण कुठे होतं ते त्या त्या प्रहराखाली काढत जा: दूधवाला, कुत्री, बगळा, सरपणाची मोळी घेऊन उतरणारी बाई, दिवेलागणीनंतरची वटवाघळं. असे पट्टे एकावर एक ठेवून उजेडापुढे धरले की ये-जेच्या जागा आपोआप दाट दिसू लागतात. रचना तिथून सुरू करा.

आता कुंपणाकडे या. या विषयात मला सगळ्यात शिकवून जाणारी वस्तू कुंपण आहे, कारण ते बांधतो माणूस, पण त्याचं माप जनावर ठरवतं. विदर्भात जंगलालगतच्या शेतांना ‘झटका मशीन’ लावलेलं असतं. त्याची सगळ्यात खालची तार रानडुकराच्या थोबाडाला लागेल अशी, जमिनीपासून फूटभराच्या आसपास असते. रोही उडी मारून येतो म्हणून वरची तार वर. म्हणजे त्या तारांच्या अंतरांत डुक्कर आणि रोही दोघांची अंगकाठी उतरलेली असते. जनावर न काढता नुसतं कुंपण मापात काढलं, तरी जाणत्याला चित्रात जनावर दिसेल.

ज्यांना मशीन परवडत नाही ते शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. खुंट्याला खुंटा, साडीला साडी. वाऱ्याने कापड हललं की डुक्कर बिचकतं, त्यात माणसाचा वासही असतो, असं शेतकरी सांगतात. हे दृश्य पाहिलं की चित्रकाराचा हात लगेच रंगांकडे जातो, आणि इथे सावध राहायला हवं. हिरव्या तुरीभोवती लाल, जांभळ्या, पिवळ्या साड्या. चित्र आपसूक देखणं होतं आणि जागलीला बसलेल्या माणसाची झोप त्यातून निसटते. म्हणून आधी साडी जवळून बघा. उन्हाकडची बाजू विटून जवळजवळ पांढरी झालेली असते, आतली घडी अजून गडद. काठ शाबूत राहतो कारण त्याची वीण घट्ट. मधलं अंग आधी विरतं. खुंट्याच्या गाठीपाशी कापड ताणून पीळ पडलेला असतो. खालच्या कडेला मातीचे शिंतोडे, आणि कुठेतरी एक फाटलेली जागा, जिथून कोणी तरी आत गेलं. ती फाटलेली जागा शोधा आणि तिथेच बसा.

मग वही गुडघ्याच्या उंचीवर आणा. रानडुक्कर साधारण अशाच ठेंगण्या उंचीवरून बघतं. तिथून बघितलं की साडी भिंतीसारखी उभी राहते, तिच्याखालून तुरीची खोडं दिसतात आणि पलीकडे मचाणाचे पाय. याच जागेवरून दुसरं चित्र मचाणावर चढून काढा: वरून साड्या म्हणजे शेताला ओढलेली एक रंगीत किनार, आणि रानाकडे नुसता काळोख. ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावली की सांगायचं ते सांगून होतं. मात्र मचाणावर चढण्याआधी मालकाला विचारा, आणि गप्पा मारायला वेळ ठेवा. किती पीक गेलं, पंचनाम्याला कोण आलं, भरपाई मिळाली का, हे ऐकल्याशिवाय काढलेलं रानडुक्कर अर्धं खोटं असतं. वाघ-बिबट्याबाबत तर हे दुपटीने खरं. जिथे माणूस गेला आहे तिथे चित्राची वही काढायची की नाही, हे त्या घरातली माणसं ठरवतील.

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर नयन खानोलकर यांच्या एका छायाचित्राबद्दल सांगायला हवं. २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत त्याला शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. आरे वसाहतीतल्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या त्यात आहे. खानोलकरांनी दिवे असे लावले होते की गल्लीतला नेहमीचा उजेडच वाटावा, आणि कॅमेरा असा की बिबट्या चौकट व्यापून टाकणार नाही. मनासारखी फ्रेम मिळायला महिने गेले. तुम्ही कुंचला वापरत असलात तरी हे दोन निर्णय जसेच्या तसे उचलण्यासारखे आहेत. उजेड त्या जागेचाच ठेवा. जनावरावर वेगळा प्रकाशझोत टाकलात की ते पाहुणं होतं. आणि त्याला चौकटीत तेवढीच जागा द्या जेवढी ते त्या गल्लीत घेतं. चित्राच्या मधोमध डरकाळी फोडणारा बिबट्या बातमीत शोभतो. गल्लीतून गुमान निघून जाणारा बिबट्या तिथल्या लोकांच्या ओळखीचा आहे.

रचनेचा मोठा अडसर म्हणजे क्षितिज. चित्रकलेच्या वर्गात आपण आधी क्षितिजरेषा आखायला शिकतो. ती आखली की पाहणारा आपोआप बाहेर उभा राहतो आणि निसर्ग त्याच्यापुढे देखावा म्हणून पसरतो. या विषयासाठी ती सवय मोडावी लागते, आणि मोडायची कशी हे बघायला लांब जायला नको. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं बघा. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळं कधी कधी जवळजवळ सगळा कागद व्यापतं. मासे, पाणी, माणसं सगळी त्याच बारीक पांढऱ्या रेघांनी काढलेली. कुठून बघायचं हे चित्र सांगत नाही, त्यामुळे आपण आत आहोत की बाहेर हेही ठरत नाही. वारली लग्नातला चौकही असाच अभ्यासण्याजोगा आहे: आत पालघट देवी, आणि चौकटीबाहेर झाडं, जनावरं, शेतीची कामं, सगळं एका पातळीवर, कोणी कोणाच्या मागे नाही.

इथे एक स्पष्ट सांगतो. वारली माणसाची त्रिकोणी आकृती उचलून आपल्या चित्रात ठेवणं म्हणजे वारली चित्रातून शिकणं नव्हे. ती एका समाजाची जिवंत विधीची कला आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे, आणि तिच्यावर पोट असलेली माणसं आज काम करत आहेत. आकृती त्यांच्याकडे राहू द्या. शिकायचं ते मांडणीचं धाडस: क्षितिज नको, लहान-मोठ्याचा दर्जा नको, रिकामी जागा भरायची घाई नको. रिचर्ड लाँग हा ब्रिटिश कलावंत मातीतून चालत जाऊन, हाताने चिखल लावून काम करतो. त्याचं आणि मशे यांचं काम २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एकत्र दाखवलं गेलं. दोघांची माती वेगळी, आकारही वेगळे. लाँगने मशेंची माणसं काढली नाहीत आणि मशेंनी लाँगची वर्तुळं.

याहून जुना धडा हवा असेल तर राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर जा. तिथल्या कातळशिल्पात एक माणूस उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन मोठी जनावरं, बहुधा वाघ. तो त्यांना अडवतो आहे, आवरतो आहे की त्यांच्यात उभा आहे, हे जांभ्यात कोरणाऱ्याने आपल्यावर सोडलं आहे. तुमच्या चित्रातही असा एक प्रश्न उघडा ठेवा. कातळावर मात्र बुटाने चढू नका, रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू भरू नका, आणि ठसा घ्यायचा मोह आवरा.

साहित्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयात रंग कुठून आला यालाही अर्थ येतो. गेरू, जांभ्याची भुकटी, नदीकाठची माती यांत लोहाची संयुगं असतात. त्यांचा रंग उन्हात टिकतो. हळद आणि पळसाचं पाणी सुंदर दिसतं पण उजेडात काही दिवसांत उडू लागतं. विकायच्या चित्रात ते वापरू नका. उडून जाणंच दाखवायचं असेल तर जरूर वापरा. माती कुटून फडक्याने चाळा, पाण्यात ढवळा, जाड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि निवळू द्या. तळाशी बसते ती रंगाची माती. बांधायला बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून घाला. प्रमाण पाठ करू नका, चाचणी करा: वाळलेल्या पट्ट्यावर बोट फिरवल्यावर रंग बोटाला लागला तर डिंक कमी, पट्टा चकाकला किंवा तडकला तर जास्त. खाजणातला चिखल वापरणार असाल तर त्याला गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन घ्या, नाहीतर चित्र वाळल्यावर मिठाची पांढरी बुरशीसारखी फुली वर येते. एखाद्याला तीच फुली हवीशी वाटेल, तर न धुता लावा. मात्र अशी चित्रं इतर कागदांपासून वेगळी ठेवा.

आणि काळी शाई. ही तर खास या विषयासाठीच आहे असं मला वाटतं. हिरडा फोडून गरम पाण्यात दिवसभर भिजत घाला. दुसऱ्या बरणीत कुंपणाचे गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून आठवडाभर ठेवा. झाकण सैल असू द्या, आत वायू धरतो. दोन्ही गाळून घ्या. हिरड्याचं पाणी पिवळसर, खिळ्यांचं तांबूस. हिरड्याच्या पाण्यात खिळ्यांचं पाणी थोडं थोडं घातलं की मिश्रण बघता बघता काळंनिळं होतं, आणि कागदावर ओढल्यावर हवा लागून आणखी काळं होत जातं. रानातल्या फळातलं टॅनिन आणि माणसाच्या खिळ्यातलं लोह एकत्र आल्याशिवाय हा काळा रंग तयार होत नाही. शाई आम्लधर्मी असते, स्वस्त कागद काही वर्षांत खाऊन टाकते. म्हणून सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद वापरा. पुण्याच्या हातकागद संस्थेत चांगला मिळतो. आणि पातळ थर द्या. हिरडा बाजारातून आणा. राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून काडी, पीस, दगड काहीही उचलायचं नाही, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न आहे. देवराईतून तर कायदा नसता तरी उचलू नये.

या शाईने काढायला एक विषय सुचवतो. जुन्या काटेरी तारेचं कुंपण कधी कधी थेट झाडाला ठोकलेलं असतं. झाड जाडीने वाढतं, तार जागची हलत नाही. साल तिच्या वर-खाली ओठांसारखी फुगते, ओठ मिळतात, आणि काही वर्षांनी तार खोडात शिरून दुसरीकडून बाहेर पडलेली दिसते. खोड उंचीला फक्त शेंड्याकडून वाढतं, म्हणून खिळा ठोकला होता त्याच उंचीवर असतो. तारेच्या गंजाचा ओघळ सालीवर उतरलेला असतो. काढताना तारेपासून सुरुवात करा. तार कडक टाकाने, साल मऊ कुंचल्याने. जिथे तार खोडात शिरते तिथे पोचलात की थांबा. तिथे टाक वापरायचा की कुंचला, हे ठरवताना तुम्हाला या विषयाबद्दल खरोखर काय वाटतं ते कळेल. घाई करू नका. तेवढीच जागा वेगळ्या कागदांवर पुन्हा पुन्हा काढून बघा.

सगळं काम कागदावरच व्हायला हवं असं नाही. ॲग्नेस डेनेस या कलावंत स्त्रीने १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये भराव टाकलेल्या दोन एकर जमिनीवर गहू पेरला आणि कापला. पाठीमागे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे. त्याच वर्षी जोसेफ बॉइसने जर्मनीतल्या कासेलमध्ये ७००० झाडं लावायचं काम सुरू केलं, प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा एक उभा दगड. झाडं लावून १९८७ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा बॉइस हयात नव्हता. लावताना दगड रोपाच्या वरचढ होता. आज झाडं दगडाच्या कितीतरी वर गेली आहेत. ते प्रमाण बदलत राहणं हीच त्या कामाची मांडणी. आपल्याकडे बसाल्ट तर पायाखाली आहे. सोसायटीच्या आवारात रोप लावताना शेजारी एक दगड रोवा, दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दोघांना एकाच मापाच्या कागदावर काढा. पण भराव घातलेल्या खाजणावर, टेकडीच्या माळावर, कोणालाही न विचारता झाडं लावून त्याला कला म्हणू नका. गवताळ माळ रिकामा नसतो, त्याचं स्वतःचं जग असतं.

प्रदर्शनाचा विचार शेवटी नव्हे, अर्ध्यातच करा. ही चित्रं दालनात लागावीत हे ठीकच, पण आधी ती जिथली आहेत तिथे दाखवा: ग्रामपंचायतीच्या ओसरीत, कोळीवाड्याच्या सभागृहात, इमारतीच्या तळमजल्यावर. ज्यांचा बांध तुम्ही काढला ते चूक दाखवतील. तारेचं अंतर चुकलं आहे, या महिन्यात तूर एवढी उंच नसते, बगळा त्या फांदीवर बसत नाही. ते लिहून घ्या आणि दुरुस्त करा. चित्राखाली जागा, तारीख, तिथी किंवा भरतीची वेळ आणि कोणती माती, कोणती शाई हे लिहा. घरट्याची, गुहेची, बिळाची नेमकी जागा मात्र लिहू नका आणि फोनवरून फोटो टाकताना स्थळाची खूण बंद करा. साडी ज्यांच्या घरातली होती त्यांना चित्राची एक चांगली प्रत द्या, मोबाईलवरची नव्हे, कागदावरची.